खुंटीवरची खुमरी

रायपुरातल्या मराठी घरात खुमरी आलीच, तर ती बहुधा शोभेची वस्तू म्हणून येते. नागपूर-अमरावतीकडचे पाहुणे आलेले असतात. त्यांना घेऊन घरची मंडळी एखाद्या हस्तकलेच्या प्रदर्शनात जातात. तिथे बांबूची ही पसरट, गोल टोपी दिसते. कडेला कवड्या लावलेल्या असतात. ‘अगं, किती छान!’ होते आणि ती घरी येते. बैठकीत खिळा ठोकला जातो, आणि वारली चित्र व कोंडागावचा ढोकऱ्याचा घोडा यांच्या मधली जागा तिला मिळते.

मग एखाद्या आषाढात असे होते, की गच्चीवर कपडे वाळत असतात आणि सर येते. छत्री ऐनवेळी सापडत नाही, कारण छत्रीचा तो धर्मच आहे. घरातले कोणीतरी भिंतीवरची खुमरी ओढते, डोक्यावर ठेवते आणि वर धावते. दोन्ही हातांनी कपडे गोळा करून खाली आल्यावर ध्यानात येते, की केस कोरडे आहेत, चष्म्यावर थेंब नाही आणि हातही मोकळे राहिले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी आलेल्या भाजीवाल्याकडे जाताना हात पुन्हा त्या खिळ्याकडे जातो. शेजारी काय म्हणतील, हा विचार पहिल्या दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी जरा कमी येतो. स्वस्तातल्या टोपीवर जीव जडतो तो असा.

खुमरी ही मुळात राऊताची, म्हणजे गुराख्याची, आणि शेतकऱ्याची टोपी. बांबूच्या पातळ पट्ट्या विणून केलेली. मध्ये डोक्यापुरता उंचवटा आणि भोवती रुंद कड. छत्तीसगढी बोलीत ‘कमरा-खुमरी’ असा जोडशब्दच आहे. कमरा म्हणजे घोंगडी. डोक्यावर खुमरी, खांद्यावर कमरा आणि हातात काठी, एवढ्यावर गुराख्याचा पावसाळा निघे. उन्हाळ्यातही तिचा उपयोग आहेच. रायपूरचा मे महिना काय असतो, ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. कापडी टोपी डोक्याला चिकटते, घामाने भिजते. खुमरी कडक असते, ती डोक्यावर छपरासारखी राहते आणि खालून वारा खेळतो.

पण तिचे खरे शहाणपण कळते ते भाताच्या बांधीत. छत्तीसगढच्या मैदानात धानाची जुनी रीत कोकणापेक्षा निराळी आहे. तिला बियासी म्हणतात. पावसाच्या सुरुवातीला धान शेतात फेकून पेरायचे, आणि महिनाभराने बांधीत पाणी साचले, की त्या उभ्या, हिरव्या पिकातून हलका नांगर फिरवायचा. नवख्याला हे पाहून धस्स होते. हाताने वाढवलेले पीक कोणी नांगरते का? पण त्या नांगरटीने तण गाडले जाते, रोपांची दाटी विरळ होते आणि उरलेली रोपे जोमाने फुटतात. हे काम भर पावसात करायचे. एक हात नांगराच्या मुठीवर आणि दुसऱ्या हातात बैल हाकायची काठी. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

कोकणातले इरले ह्याच अडचणीतून जन्मले. तिथे लावणी कमरेत वाकून करायची, म्हणून बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले डोक्यापासून कमरेपर्यंत सगळी पाठ झाकते. खुमरीवाला उभा चालतो, त्याला डोके आणि खांदे झाकणारे गोल छप्पर पुरते. हे कोणी आराखडा काढून ठरवलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिजलेल्या माणसांनी ते ठरवले, आणि ज्यांच्या हाती बांबू होता त्यांनी घडवले. विदर्भात ते काम बुरुडाचे, छत्तीसगढात कंडरा समाजाचे. सूप, टुकना, झऊहा, लग्नातला पर्रा आणि बिजना, म्हणजे पंखा, हे सारे त्यांच्याच हातचे. खुमरी ही त्यांच्या टोपल्यांची धाकटी बहीण. टोपली उपडी केली आणि माणसाच्या डोक्याचे माप घेतले, एवढाच काय तो फरक.

मराठी भाषेने टोपीला तसा मान दिलेला नाही. मान गेला पगडीला आणि फेट्याला. टोपी घालतो तो ठक. टोपी फिरवतो तो आपला पक्ष सोडून जाणारा. इकडची टोपी तिकडे करतो तो कर्जबाजारी. एखाद्याच्या टोप्या उडवायच्या, म्हणजे त्याची थट्टा करायची. पगडी गेली तर अब्रू जाते, टोपी गेली तर फार तर दुसरी घेतात. मोठ्यांच्या बोलण्यात तिची ही गत, पण लहान मुलांच्या गोष्टीत मात्र टोपीला राजमान्यता आहे. उंदराला एक चिंधी सापडते. तो ती धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून तिला गोंडे लावून घेतो. मग राजाच त्या टोपीवर डोळा ठेवतो, आणि उंदीर ढोल बडवून त्याची फजिती करतो. किती पिढ्यांनी ही गोष्ट घास भरवताना ऐकली असेल! तिच्यातली मेख अशी, की राजाकडे मुकुट असतो, पण त्याला हवी असते ती चिंधीची टोपी.

तसे पाहिले तर प्रत्येकाची पहिली टोपी चिंधीचीच. बाळंतपणाला लेक माहेरी आली, की आजी जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे काढायची आणि टोपडे, कुंची शिवायची. नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या टाळूला टोचते, हे तिला ठाऊक असे. बाजारात आता झालरीची टोपडी मिळतात. पण कपाटात जपून ठेवलेली सापडते ती बहुधा लुगड्याचीच.

साध्या टोपीने इतिहासही घडवला आहे, आणि त्यात रायपूरचा वाटा आहे. गांधीजींनी खादीची पांढरी टोपी ठरवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काश्मिरी टोपी होती, असे काकासाहेब कालेलकरांनी त्यांच्या आठवणींत नोंदवले आहे. रंग पांढरा का, तर घाम आणि मळ लगेच दिसावा आणि टोपी धुतली जावी. फेट्याला कापड किती लागते, हाही हिशेब त्यात होता. घडी करून खिशात टाकता यावी ही सोय वेगळीच. १९२० च्या डिसेंबरात गांधीजी रायपूरला आले, ते ह्या टोपीच्या दिवसांत. पुढे १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला त्यांनी पोशाख पंच्यावर आणला आणि टोपीही सोडली. १९३३ साली ते पुन्हा रायपूरला आले, तोवर टोपीला त्यांचे नाव पक्के चिकटले होते. डोके मात्र इतरांचे.

त्या दिवसांत ती घालणे फुकटचे नव्हते. काही ठिकाणी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत तिला मनाई झाली. रायपूरच्या मराठी मंडळींतले वामनराव लाखे यांना सरकारने ‘रायसाहेब’ ही पदवी दिलेली होती. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी ती परत केली. आज रायपुरात लाखेनगर आहे ते त्यांच्या नावाचे. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ ह्या १९०० साली निघालेल्या मासिकाच्या उभारणीतही लाखे होते. पदवी म्हणजे तरी काय, सरकारने डोक्यावर ठेवलेली पगडीच. ती उतरवून ठेवायला जे बळ लागले, तेच शेकडो साध्या माणसांना दोन आण्यांच्या टोपीसाठी लागले असणार.

पुढे त्या टोपीचे काय झाले, हे सगळ्यांनी पाहिले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी ती प्रामाणिकपणे सांभाळली. पुढाऱ्यांच्या डोक्यावर मात्र ती इतकी स्वच्छ झाली, की लोकांना शंका येऊ लागली. घाम दिसावा म्हणून पांढरी केलेली टोपी, आणि तिच्यावर घामच नाही! २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात ती पुन्हा हजारोंनी डोक्यावर आली, ती अक्षरे छापलेली. एकदा टोपीवर मजकूर आला, की ती डोक्यासाठी कमी आणि वाचणाऱ्यासाठी जास्त असते.

आता हीच वाट खुमरीपुढे आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाले. नव्या राज्याला आपल्या ओळखीच्या खुणा हव्याच होत्या. २०१९ मध्ये सरकारने हरेलीच्या सणाला सुट्टी जाहीर केली. हरेलीला शेतकरी नांगर, कुदळ धुऊन पूजतात आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. पंचांगाची गंमत अशी, की ती त्यांची श्रावण अमावास्या आणि मराठी घरांतली आषाढी, म्हणजे दिव्यांची अवस, एकाच दिवशी येते. आत पितळेचे दिवे चिंचेने घासले जातात आणि बाहेर नांगराचा फाळ धुतला जातो. ह्या सणाला आणि एरवीही समारंभांत पाहुण्यांच्या डोक्यावर खुमरी ठेवण्याची पद्धत रुळली आहे. छायाचित्रे सुरेख येतात. गुराख्याची टोपी मंत्र्याच्या डोक्यावर गेली, ह्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. ज्या मुलाला बापाची खुमरी घालून शाळेच्या वाटेने गुरे नेताना लाज वाटायची, त्याची मान थोडी वर होत असेल, तर तेही थोडे नव्हे.

अडचण दुसरीकडे आहे. समारंभातल्या खुमरीला एक दिवसाचे काम असते. ती पाणी अडवते का, हे तिथे कोणी पाहत नाही. कवड्या, रंग, गोंडे पाहतात. मग विणणाऱ्याने घट्ट विणीवर वेळ का घालवावा? आसामच्या जापीने हा प्रवास आधीच केला आहे. तिथे सत्काराची, लाल नक्षीची जापी घरोघरी भिंतीवर दिसते. शेतकऱ्याची साधी जापी मात्र छत्रीने आणि प्लॅस्टिकने मागे सारली. छत्तीसगढच्या शेतातही आता बियाण्याच्या आणि खताच्या कंपन्यांनी फुकट वाटलेल्या टोप्या दिसतात, निवडणुकीच्या हंगामात पक्षांच्या. पावसाला प्लॅस्टिकचा कागद आहेच. फुकटाशी स्वस्ताने कशी झुंज द्यायची? कंडऱ्याला हिरवा बांबू लागतो. निस्ताराच्या सवलतीत तो मिळायला हवा, वेळेवर मिळायला हवा. तो चिरायचा, तासायचा, एकसारख्या पट्ट्या काढायच्या, आणि ह्या सगळ्या दिवसभराच्या कामानंतर गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करते. हेच गिऱ्हाईक मॉलमध्ये छापील किंमत निमूट देते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून खुमरी घ्यायचीच, तर ती डोक्यासाठी घ्यावी. हातात घेऊन उजेडाकडे धरावी. उजेडाचे ठिपके जितके कमी, तितकी वीण घट्ट. कड बोटाने दाबून पाहावी, ती वाकून परत आली पाहिजे. काही खुमऱ्यांत विणीच्या मध्ये पाने घातलेली असतात, ती पावसाला बरी. डोक्यावर ठेवून मान दोन्हीकडे फिरवावी. घसरत असेल तर तिथल्या तिथे सांगावे, विणणारा हनुवटीखाली बांधायला दोरी लावून देतो, आणि नुसती शोभेची म्हणून न्यायला आलेले गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर भावही जरा नीट सांगतो. भिजली तर लगेच उन्हात टाकू नये, सावलीत वाळवावी. बांबूला कीड लागते. पूर्वी चुलीचा धूर तिचे रक्षण करी. आता गॅसच्या शेगडीच्या घरात ते नाही, तेव्हा पावसाळा संपला की कडुनिंबाचा पाला जाळून थोडा धूर द्यावा. आणि तिला ठेवायचे ते बैठकीत नको, दाराजवळच्या खुंटीवर, जिथे घाईत हात पोचतो.