घरकामाला ना मुलगा, ना मुलगी



पालक सभेत एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अभ्यासाचा एवढा बोजा असताना मुलांना घरातील कामे सांगावीत का? आमचे उत्तर आहे, जरूर सांगावीत. पण त्याआधी आपल्या घरात ही कामे आज कोण करते, ते पाहावे.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. वडील लूम्सवर बारा तासांची पाळी करून येतात. आई घर सांभाळून साड्यांना खडे लावते, दोरे कापते. तिच्या मदतीला बहुधा मुलगीच उठते. पाणी भरणे, भांडी, धाकट्याला सांभाळणे हे सगळे झाल्यावर तिचे दप्तर उघडते. त्याच घरातील मुलाला मात्र पाण्याचा पेला हातात लागतो. म्हणजे एकाच घरात एका लेकराला काम जास्त आणि दुसऱ्याला मुळीच नाही. दोघांचेही यात नुकसान आहे.

ही गोष्ट फक्त आपल्या वस्तीची नाही. भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. शिवाय असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते. ही सवय लहानपणीच लागते, म्हणून ती लहानपणीच बदलली पाहिजे.

स्वावलंबन आपल्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात 1924 साली वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि आपली कामे आपणच करीत. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला, त्यातही हाताचे काम हा शिक्षणाचाच भाग होता. काम केल्याने अभ्यास बुडतो, असे या थोर मंडळींनी मानले नाही.

मात्र घरकाम आणि मजुरी यांत फरक आहे. आपले ताट धुणे, अंथरूण आवरणे, भाजी निवडणे हे संस्कार आहेत. पैशासाठी रात्री उशिरापर्यंत मुलांना खडे लावायला बसवणे हे संस्कार नव्हेत. 2016 मध्ये सुधारलेल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. कुटुंबाला हातभार लावायचा तरी तो शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेल्या कामात आणि शिक्षणात अडथळा न येता, एवढीच मुभा आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. घरातील कामांची वाटणी वयाप्रमाणे करा, मुलगा-मुलगी पाहून नको. पहिली-दुसरीच्या मुलाने आपला डबा धुवावा. पाचवीच्या मुलाने केर काढावा. आठवीच्या मुलाला वरण-भाताचा कुकर लावता आला पाहिजे. काम वाकडेतिकडे झाले तरी रागावू नका. आणि वडिलांनी सुटीच्या दिवशी एक काम मुलांच्या देखत करावे, कारण मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

मुलांनो, आज जेवण झाल्यावर ताट कोण उचलते, ते बघा. ताई उचलत असेल, तर उद्यापासून तुम्ही उचला. तेवढ्या वेळात तिचे एक गणित होईल.