महाकाय यंत्राची दुखरी नस

बुद्धिबळाचा पट मांडला की हत्ती कोपऱ्यात जाऊन बसतो. वजिराखालोखाल ताकद त्याची. पण समोर स्वतःचेच प्यादे आणि शेजारी स्वतःचाच घोडा. पट थोडा मोकळा झाल्याशिवाय त्याला धड हलताही येत नाही. बलाढ्य मोहऱ्याला खेळात घ्यायचे, तर त्याच्या बळाबरोबर त्याची अडचणही घ्यावी लागते, हे शहाणपण त्या कोपऱ्यात दडलेले आहे.

टेबलावर छोटी सैन्ये मांडून, पट्टीने अंतरे मोजून आणि फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या आधुनिक युद्धखेळांना याच शहाणपणाची गरज आहे. 'वॉरहॅमर ४०,०००' हा ब्रिटिश खेळ १९८७ साली आला. त्याच्या कल्पित विश्वातील 'टायटन' या गगनचुंबी यंत्रांसाठी १९८८ मध्ये 'अडेप्टस टायटॅनिकस' हा लहान मापाचा वेगळा खेळ निघाला. तिथे टायटनची गाठ टायटनशीच पडे, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पुढे मात्र मूळ खेळाच्या टेबलावरही अजस्र यंत्रे उतरू लागली. २०१४ मध्ये आलेला 'इम्पीरियल नाइट' हा त्यातलाच एक यांत्रिक सरदार.

अशा यंत्रांवरचा आक्षेप साधा आहे. एखाद्याने पदरचे पैसे साठवून, रात्री जागून पायदळाच्या तुकड्या रंगवलेल्या असतात. समोरचा एक महागडा राक्षस आणून उभा करतो. मग याच्या बंदुका त्या कवचापुढे फुसक्या ठरतात आणि उरलेला वेळ तो आपली माणसे एकेक करून उचलून डब्यात भरत बसतो. याला खेळ म्हणायचे की खिशांची तुलना? आक्षेप खरा आहे. पण राक्षसालाच हद्दपार करा, हा त्यावरचा उपाय मात्र पटणारा नाही.

उत्तर १९७७ सालीच सापडले होते. अमेरिकेतील स्टीव्ह जॅक्सन यांनी 'ओगर' नावाचा आटोपशीर खेळ रचला. एका बाजूला एकच सोंगटी: माणसाविना चालणारा, स्वतः विचार करणारा अवाढव्य रणगाडा. दुसऱ्या बाजूला पायदळ, साधे रणगाडे, हवेच्या उशीवर धावणारी चपळ वाहने, लांब पल्ल्याच्या तोफा आणि सर्वांच्या मागे मुख्य ठाणे. राक्षसाने ठाणे उद्ध्वस्त करायचे, इतरांनी त्याला अडवायचे.

गंमत पुढेच आहे. हा राक्षस एका फटक्यात मरत नाही. त्याची प्रत्येक तोफ, प्रत्येक क्षेपणास्त्र कागदावर वेगळे नोंदलेले असते आणि ते वेगवेगळेच मोडावे लागते. ज्या साखळीपट्ट्यांवर तो चालतो, त्यांचाही असाच हिशेब. 'मार्क ३' या प्रकारात पट्ट्यांची ४५ एकके असतात. सुरुवातीचा वेग एका खेपेला तीन घरांचा. १५ एकके तुटली की वेग एका घराने घटतो. म्हणून बचाव करणाऱ्यापुढे दर खेपेला तोच पेच उभा राहतो. तोफा मोडून आपली माणसे वाचवायची, की पट्टे तोडून वेळ मिळवायचा? पायदळाची एखादी तुकडी मरता मरता दोन-तीन एकके तोडून गेली, तरी तिचे मरण वाया जात नाही.

खऱ्या युद्धाचा अनुभवही याला धरूनच आहे. १९४२ मध्ये सेवास्तोपोलच्या वेढ्यात जर्मनीने 'गुस्टाफ' ही रेल्वे-तोफ आणली. नळीचा व्यास ८० सेंटिमीटर, वजन सुमारे १,३५० टन. तिच्यासाठी खास रूळ टाकावे लागले, शेकडो माणसे राबवावी लागली. तिचा मारा भयंकर होता, पण महायुद्धाचे पारडे काही तिने फिरवले नाही. आकार वाढला की परावलंबनही वाढते, हा नियम टेबलावर विसरला जातो, कारण तिथे रूळ टाकायला माणसे लागत नाहीत.

म्हणून महाकाय यंत्राने टेबलावर जरूर यावे, पण अटींवर. ते तुकड्यातुकड्याने मोडता आले पाहिजे. सोबतीच्या पायदळाविना ते लंगडे पडले पाहिजे. जय-पराजय किती माणसे मारली यावर न ठरता किती जागा राखल्या यावर ठरला पाहिजे. कारण यंत्र कितीही मोठे असो, पाच ठिकाणी एकाच वेळी उभे राहू शकत नाही. आणि ते आणणार असल्याचे आधी सांगणे, एवढा शिष्टाचार तरी पाळला जावा.

हरण्याला खेळाडूची ना नसते. हरतानाही शेवटच्या फाशापर्यंत आपल्या हाती काहीतरी करण्यासारखे उरावे, एवढीच त्याची मागणी असते. ती पुरवणारा राक्षस टेबलाची शोभा वाढवतो. न पुरवणाऱ्याची जागा काचेच्या कपाटात.