आड कुणाचा, पोहरा कुणाचा

२०१२च्या नोव्हेंबरात अमेरिकन लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब जाहीर झाला आणि डेट्रॉईटमध्ये आनंदीआनंद झाला. बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची पहिल्या पसंतीची मते २८. त्यातली २२ आमच्या मिगेल कॅब्रेराला, ६ लॉस एंजेलिस एंजल्सच्या माइक ट्राउटला. ‘आमच्या’ म्हणतो, कारण नोकरीनिमित्त इकडे आल्यापासून मी डेट्रॉईट टायगर्सचाच. कोमेरिका पार्कवर जुलैच्या उन्हात भाजलो आहे, एप्रिलच्या थंडीत कुडकुडलो आहे, आणि कॅब्रेराचा फटका कुंपणापार गेला की घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. तरीही तो किताब ट्राउटला मिळायला हवा होता, असे मला त्या दिवशी वाटले. आज तर मला त्याबद्दल शंकाच उरलेली नाही.

समोरच्या पक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच तोंडून ऐकू. स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसतात. मोटारीच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. १९६८ साली टायगर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा ते शाळेत होते. मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन ते प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतात. त्या अख्ख्या उन्हाळ्यात आमचा वाद चालू होता आणि त्यांचे मुद्दे काही पोकळ नव्हते. कॅब्रेराची सरासरी .३३०, होमरन ४४, आरबीआय १३९. तिन्हींत लीगमध्ये पहिला. याला ट्रिपल क्राऊन म्हणतात आणि १९६७ साली बोस्टनच्या कार्ल यास्त्रेम्स्कीने तो मिळवल्यानंतर ४५ वर्षे कुणाला जमला नव्हता. शिवाय प्रिन्स फील्डरला संघात जागा व्हावी म्हणून कॅब्रेराने आपला पहिला बेस सोडला आणि तिसऱ्या बेसवर उभा राहिला. सप्टेंबरच्या अखेरीस टायगर्सने शिकागो व्हाइट सॉक्सला मागे टाकले आणि पुढची फेरी गाठली. ट्राउटचा संघ घरी बसला. “आणि तुमचे ते नवे आकडे,” ते म्हणायचे, “खेळ न पाहणाऱ्यांनी काढलेत. मी पन्नास वर्षे पाहतोय. मला कळतं.”

त्या १३९ आरबीआयपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्या युक्तिवादाचा भार त्याच आकड्यावर आहे. आपल्या फटक्यावर जितके धावपटू घरी परततात तितके आरबीआय बॅटरच्या खात्यात जमा होतात. होमरन मारला तर तो स्वतःही त्यात धरला जातो. म्हणजे १३९ पैकी ४४ वेळा कॅब्रेराने स्वतःलाच घरी आणले. उरलेले ९५? ते आधीच बेसवर उभे होते. त्यांना तिथे कॅब्रेराने नेलेले नव्हते. ऑस्टिन जॅक्सन सलामीला येऊन .३०० च्या सरासरीने खेळत होता, आणि कॅब्रेरा तिसऱ्या क्रमांकावर येईपर्यंत आड भरलेला असायचा. ट्राउट स्वतःच सलामीचा. सामन्याची पहिली बॅटिंग त्याची, तेव्हा बेस रिकामे. पुढे त्याची पाळी येते ती संघातल्या सर्वांत कमकुवत बॅटरांच्या मागोमाग. त्याचे आरबीआय ८३, त्यातले ३० त्याच्याच होमरनचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा भरून वर आला याचे श्रेय ओढणाऱ्याच्या मनगटाला जरूर द्यावे, मीही देतो. पण पाणी त्याचे नव्हते, आणि ते त्याच्या नावावर लिहून त्याच जोरावर दुसऱ्याला कमी लेखणे हा अन्याय आहे.

ट्रिपल क्राऊन मिळाला म्हणजे हा किताब आपोआप मिळाला, हा समजही इतिहासाला धरून नाही. टेड विल्यम्सने १९४२ आणि १९४७ अशा दोन्ही वर्षी ट्रिपल क्राऊन मिळवला आणि दोन्ही वर्षी किताब न्यूयॉर्क यांकीजच्या खेळाडूंकडे गेला. पहिल्यांदा जो गॉर्डनकडे, दुसऱ्यांदा जो डिमॅजिओकडे, तोही एका गुणाच्या फरकाने. त्या निकालांचे समर्थन मी करणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की तीन रकान्यांत पहिला येणे आणि सर्वांत मोलाचे असणे या दोन गोष्टी जुन्या काळानेही एक मानल्या नव्हत्या.

आता संघाचा मुद्दा. २०१२ मध्ये टायगर्सने ८८ सामने जिंकले. एंजल्सने किती? ८९. आमच्यापेक्षा एक जास्त. फरक एवढाच की एंजल्सच्या गटात ९४ विजयांचे ओकलंड होते आणि ९३ विजयांचे टेक्सास, तर आमच्या गटात ८८ विजय पहिल्या जागेला पुरले. गटवारी कुणी आखली? ट्राउटने नाही. २८ एप्रिलला त्याला वरच्या संघात बोलावले तेव्हा एंजल्सची अवस्था ६ विजय आणि १४ पराभव अशी होती. तिथून पुढे त्यांनी ८३ जिंकले, ५९ हरले. संघाच्या यशावरूनच मोल ठरवायचे असेल तर हे आकडे कुठल्या तोंडाने बाजूला सारायचे?

इथे मला मुंबईतल्या पेंटॅंग्युलर क्रिकेट स्पर्धेचा १९४३-४४ चा अंतिम सामना आठवल्यावाचून राहत नाही. हिंदू संघाने ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. समोरचा ‘द रेस्ट’ संघ १३३ वर गुंडाळला गेला, फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात एकूण ३८७ झाल्या. त्यातल्या ३०९ सांगलीच्या विजय हजारेंच्या. सामना डावाने गेला. पण त्या ३०९ चे मोल पराभवामुळे एका धावेनेही कमी होते, असे म्हणणारा मराठी क्रिकेटरसिक मला अजून भेटलेला नाही. हजारेंना जो न्याय आपण न मागता देतो, तोच ट्राउटलाही लागू व्हायला हवा.

राहिला सर्वांत लाडका आक्षेप: आकडेवाले खेळ पाहत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या ओठांवर .३३०, ४४, १३९ अखंड असतात. हे आकडे नाहीत तर काय आहेत? सवयीने ते इतके अंगवळणी पडले आहेत की आकडे वाटेनासे झाले, इतकेच. त्यांच्या पोटातही कुणाची तरी मते दडलेली आहेत. बेसबॉलला सरासरी आणि धावफलकाची शिस्त लावणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज, एक्झेटरचा, आणि पत्रकार म्हणून आधी क्रिकेटवर लिहिणारा. आपल्याकडे वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर लागत नाही. त्याच नजरेने त्याने, पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला मिळणाऱ्या ‘वॉक’कडे पाहिले आणि तो पिचरचा दोष ठरवून बॅटरला त्याचे श्रेय नाकारले. पण वाइडवर फलंदाज होता तिथेच राहतो. वॉक मिळाला की बॅटर स्वतः पहिल्या बेसवर जातो आणि बाद होत नाही. ज्या खेळात संघाच्या हाती साधारणपणे २७ बळी असतात, त्या खेळात बाद न होण्याहून मोठी कमाई कोणती? एका क्रिकेट वार्ताहराचा १९व्या शतकातला निवाडा शंभराहून अधिक वर्षे सरासरीच्या रूपाने मिरवत राहिला, आणि तोच आपल्याला ‘डोळ्यांना दिसणारे सत्य’ म्हणून सांगितला जातो.

डोळ्यांची थोरवी मला मान्य आहे, पण त्यांची मर्यादा बेसबॉलचे हिशेब मांडणाऱ्या बिल जेम्सने दाखवून दिली. .२७५ आणि .३०० सरासरीच्या बॅटरांत दोन आठवड्यांत एका हिटचा फरक असतो. एक हिट! तुम्ही पंधरा दिवस रोज सामना पाहिलात तरी तो फरक तुम्हाला दिसणार नाही. तो मोजावाच लागतो.

उलट जे डोळ्यांना स्वच्छ दिसते तेच जुन्या रकान्यांत सापडत नाही. २७ जून २०१२, बाल्टिमोरचे कॅम्डेन यार्ड्स. जे. जे. हार्डीचा फटका मध्य-उजवीकडे उंच गेला. ट्राउट पाठमोरा धावत कुंपणापर्यंत गेला, वळला, उडाला. छाती कुंपणाच्या काठाला लागली, हात पलीकडे, आणि खाली आला तेव्हा चेंडू ग्लोव्हजमध्ये. एक होमरन धावफलकावरून पुसला गेला. मारलेला होमरन सरासरीत, होमरनमध्ये आणि आरबीआयमध्ये असा तीनदा मोजायचा आणि अडवलेला एकदाही मोजायचा नाही, यात खेळ पाहणारा कोण आणि न पाहणारा कोण? त्याच मोसमात ट्राउटने ४९ बेस चोरले आणि फक्त ५ वेळा पकडला गेला. १२९ वेळा तो स्वतः धाव पूर्ण करून घरी आला. कॅब्रेराचे २८ फटके असे होते की त्यात एकाऐवजी दोघे बाद झाले. लीगमधला तो सर्वांत मोठा आकडा, पण ट्रिपल क्राऊनच्या कौतुकात तो कुणी उच्चारला नाही. बॅट हातात असताना कॅब्रेरा थोडा सरस होता, असे म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण बेसबॉल पायांनी आणि ग्लोव्हजनेही खेळतात. ‘वॉर’ नावाची जी मोजणी बॅटिंग, धावणे, क्षेत्ररक्षण यांची एकत्र बेरीज करते आणि सहज उपलब्ध असलेल्या बदली खेळाडूपेक्षा याने किती विजय जास्त मिळवून दिले ते सांगते, तिच्यात ट्राउट १०च्या वर होता आणि कॅब्रेरा ७च्या आसपास.

एवढे बोलल्यावर माझ्याच बाजूच्या लोकांनाही काही सुनावले पाहिजे, नाहीतर हा एकतर्फी न्याय होईल. वॉरचा आकडा देवाने पाठवलेला नाही. दोन नामांकित संस्था तो दोन वेगळ्या पद्धतींनी काढतात आणि एकाच खेळाडूला वेगळे उत्तर देतात. क्षेत्ररक्षणाचा भाग त्यात सर्वांत डळमळीत. ६.१ आणि ५.८ मधल्या फरकावर हमरीतुमरीला येणाऱ्याला त्या मोजणीचा अर्थच कळलेला नाही. १० आणि ७ मध्ये बोलण्यासारखे अंतर आहे, म्हणून मी २०१२ बद्दल बोलतो.

आणि एप्रिल! दर वर्षी एप्रिल सरता सरता कुणीतरी .३५० वर असतो, कुणीतरी .२१० वर, आणि एकाला डोक्यावर घेऊन दुसऱ्याला विकून टाका असा ओरडा सुरू होतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एकाच पाण्यात, एकाच आचेवर सगळी शिते सारखी शिजतात. १६२ सामन्यांचा मोसम तसा शिजत नाही. हिशेब करून पाहा: ज्याची खरी कुवत .२७० आहे, तो पहिल्या १०० संधींनंतर केवळ योगायोगाने .२२५ ते .३१५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तीनपैकी दोन वेळा तो या पट्ट्यात सापडेल आणि तिसऱ्या वेळी याच्याही बाहेर. त्यात त्याने काहीही बिघडवलेले किंवा सुधारलेले नसते. आकड्यांच्या नावाने बोलणाऱ्यांनी तरी हे विसरू नये. पण मे महिना उजाडायच्या आत तेच सर्वांत आधी निकाल देतात.

मग हा वाद घालायचाच कशाला, असे विचारणारेही भेटतात. खेळ बघा, मजा करा, कुठे डोके शिणवता? मला हे पटत नाही. आज बेसबॉलबद्दल जे काही नवे कळले आहे, त्यातले बरेचसे वाद घालणाऱ्या प्रेक्षकांनी शोधलेले आहे. बिल जेम्स कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. १९७७ साली त्याने पदरमोड करून आपल्या हिशेबांचे पहिले पुस्तक काढले. २००२ च्या अखेरीस बोस्टन रेड सॉक्सने त्याला नोकरीवर घेतले आणि २००४ मध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपवून वर्ल्ड सिरीज जिंकली. मैदानात पडलेल्या चेंडूवर हिट होणार की नाही यात पिचरचा वाटा फार थोडा असतो, हे २००१ मध्ये जगासमोर मांडणारा व्होरोस मॅक्रॅकनही असाच बाहेरचा, हौशी. त्यांना कुणी मजा करायला सांगून गप्प बसवले असते तर?

निकालही बदलत गेले. २००५ मध्ये २१ विजयांच्या बार्तोलो कोलोनला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. त्याची सरासरी (पिचरची, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची; जितकी कमी तितकी चांगली) ३.४८ होती आणि योहान सांतानाची २.८७, तरीही. पाचच वर्षांनी, २०१० मध्ये, तोच पुरस्कार सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझकडे गेला. विजय १३, पराभव १२, सरासरी २.२७. समोर २१ विजयांचा सी. सी. सबाथिया होता. पिचरचा संघ धावाच करत नसेल तर त्याने काय करावे, हा प्रश्न मतदारांच्या मनात प्रेक्षकांनीच वर्षानुवर्षे भांडून रुजवला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रोमला १० विजय, ९ पराभव आणि १.७० च्या सरासरीवर तोच मान मिळाला, तेव्हा फारशा भुवयाही उंचावल्या नाहीत.

२०१३ च्या सप्टेंबरात मी पुन्हा त्याच खुर्चीवर होतो. कॅब्रेरा याही वर्षी .३४० च्या वर खेळत होता आणि माझ्या शेजाऱ्यांचे मत तसूभरही हलले नव्हते. सातव्या इनिंगनंतर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. कॅब्रेराच्या नावापुढच्या प्रत्येक चौकटीत, कोपऱ्यात, एक बारीक आकडा होता: ०, १, २, पुन्हा ०. तो बॅटिंगला आला तेव्हा बेसवर किती जण उभे होते, हे ते एप्रिलपासून लिहीत आले होते. “तो तरीही ट्राउटपेक्षा मोठा आहे,” ते म्हणाले. “पण बेरीज कर. मलाही बघायचंय.” मी त्यांची पेन्सिल मागून घेतली आणि एप्रिलच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली.