नाक्यावर तपासणी झाली, पण सर्दी घरातूनच आली : तान्ह्या बाळांना श्वसनाचे आजार लागतात कुठून?

बेळगाव : शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला आणि दरवर्षीप्रमाणे घराघरांत खोकला ऐकू यायला लागलाय. कर्नाटकात शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. तारखा वेगळ्या असल्या तरी पुढचा क्रम सीमेच्या दोन्हीकडे सारखाच. आधी शाळकरी पोराचं नाक गळतं, मग आई किंवा आजी शिंकायला लागते आणि आठवड्याभरात पाळण्यातलं बाळ दूध सोडून किरकिर करतं. दवाखान्यात गेल्यावर घरचे हमखास म्हणतात, "बाळाला आम्ही कुठं बाहेर नेलंच नव्हतं, मग झालं कसं?"

बाळ बाहेर गेलं नव्हतं हे खरं, पण घरातली बाकी सगळी माणसं जाऊन आली होती.

विषाणू म्हटलं की आपली नजर आधी बाहेर जाते. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा दाखला मागितला जात होता, हे सीमाभागातलं कुणी विसरलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळूरुत दोन बाळांना एचएमपीव्हीची लागण झाल्याचं कळलं, तेव्हाही 'चीनचा विषाणू आला' अशी ओरड झाली. त्यातलं एक बाळ तीन महिन्यांचं, दुसरं आठ महिन्यांचं. दोघांनीही परदेश प्रवास केलेला नव्हता. हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी ओळखला होता आणि तो भारतात आधीपासून फिरतोय, असं आयसीएमआरने तेव्हाच सांगितलं. एवढ्या लहान जिवाचं जग म्हणजे आजूबाजूची चार-सहा माणसं. शोध तिथूनच सुरू करायला हवा.

असा शोध केनियाच्या किनारपट्टीवरच्या किलिफी भागात घेतला गेलाय. २००९-१० मध्ये तिथल्या ४७ घरांतल्या सुमारे पाचशे माणसांच्या नाकातले नमुने आठवड्यातून दोनदा, जवळपास सहा महिने तपासले गेले. लक्ष होतं आरएसव्ही या विषाणूवर. तान्ह्या मुलांच्या छातीच्या आजारामागचं हे मोठं कारण, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. जितक्या बाळांना लागण झाली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ती घरातूनच झाली होती. त्यातही बहुतेक वेळा विषाणू घरात आणला होता मोठ्या भावंडाने, आणि ते भावंड बहुधा शाळेत जाणारं होतं. खेडेगाव, भरलेलं घर, एकाच छपराखाली तीन पिढ्या. खानापूर किंवा चंदगडच्या घराहून हे चित्र फार वेगळं नाही.

कोविडनेही हेच दाखवलं. पहिल्या वर्षातल्या जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तर घरात एक जण आजारी पडल्यावर बाकीच्या दर पाच माणसांत साधारण एकाला लागण होत होती. ओमिक्रॉन आल्यावर हे प्रमाण पाचांत दोनवर गेलं.

हिशेब साधा आहे. बसमध्ये शेजारच्याचा सहवास अर्ध्या तासाचा, घरात तो रात्रभराचा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवत असतो. आरएसव्हीचा रुग्ण बहुधा तीन ते आठ दिवस पसरवतो. हा विषाणू खेळण्यावर, दाराच्या कडीवर काही तास टिकतो. मोठ्यांना ती साधी सर्दी वाटते, कामही थांबत नाही. बाळाच्या श्वासनलिका मात्र मुळातच बारीक, थोडी सूज आली तरी श्वास अडतो.

यावर 'आजारी माणसाने वेगळ्या खोलीत राहावं' असा सल्ला दिला जातो. तो ऐकायला बरा, पण २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहतात. त्यांनी वेगळी खोली आणायची कुठून? आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ताप आला म्हणून दिवसाची हजेरी बुडवणं परवडत नाही. उपाय सांगायचे तर या घरांत जमतील असेच सांगायला हवेत.

असे उपाय आहेत. हाँगकाँगमध्ये २५९ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या पहिल्या माणसाला लक्षणं दिसल्यापासून ३६ तासांच्या आत मास्क आणि हात धुणं सुरू केलं, तर घरातल्या इतरांना फ्लू लागण्याचं प्रमाण घटलं. म्हणजे पहिली शिंक आली की लगेच, ताप चढायची वाट न बघता. बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवावेत. पाऊस असला तरी एक खिडकी उघडी ठेवावी. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी मुका घ्यायचाच झाला तर गालाचा नको. चुलीचा आणि विडीचा धूर बाळापासून लांब ठेवावा. आईला सर्दी झाली म्हणून अंगावरचं दूध मात्र बंद करू नये, तोंडाला मास्क बांधून पाजावं.

काही गोष्टी घरच्यांच्या हातात नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, पण गरोदरपणी आईने घेतली तर बाळाला संरक्षण मिळतं. बांगलादेशात ३४० महिलांवर झालेल्या चाचणीत आईला लस दिल्यावर बाळांमधला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. ही चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन मोफत देणाऱ्या केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस अजून नाही. खासगीत पैसे मोजून ती किती जणी घेणार?

आजार आल्यावर मेडिकल दुकानातून सिरप आणण्याची सवयही सोडायला हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपमुळे वीसहून अधिक मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देण्यासारखी नाहीत. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नसतो, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

घरच्यांनी औषधाच्या बाटलीपेक्षा बाळाच्या छातीकडे बघावं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच घेत नसेल, तर रात्र काढायची नाही, लगेच निघायचं.

शाळांनाही यात काम आहे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळवायला ताप असलेलं पोर वर्गात येतं आणि पाच वर्गमित्रांच्या घरी विषाणू पोचवतं. ज्यांच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे अशा मुलांची यादी वर्गशिक्षकांना एका दिवसात करता येईल. इथल्या एसडीएमसीने आणि पलीकडच्या शाळा व्यवस्थापन समितीने यंदाच्या पहिल्याच बैठकीत दोन ठराव करावेत : आजारी मुलाची रजा हजेरीत धरू नये आणि शाळेतून घरी गेल्यावर बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, हे मुलांना रोज सांगावं. यासाठी सरकारी निधी लागत नाही, आदेशाची वाट बघायचीही गरज नाही.