डोक्याला भोक, पण औषध नाही

पार्किन्सन्सवरच्या जीन थेरपीच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या कवटीला नुसतं अर्धवट भोक पाडतात आणि औषध घालतच नाहीत, हे कळल्यावर माझे दीर खवळले. “आजारी माणसाची चेष्टा आहे ही! वर भूल द्यायची, डोकं भादरायचं, आणि आत काय? शून्य.” त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या यांना, हे दुखणं जडून पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा त्यांचा राग मला कळतो. पटत मात्र नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात ती खोटी शस्त्रक्रियाच सर्वांत सचोटीची आहे.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्यावर लेव्होडोपाची गोळी सुरुवातीला छान चालते. पुढे तिचा अंमल आखडत जातो. गोळी ‘लागली’ की माणूस चालतो, ‘उतरली’ की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय जमिनीला खिळल्यासारखा उभा राहतो. जास्त लागली तर हातपाय आपोआप वळवळतात. जीन थेरपीत रोग न करणाऱ्या विषाणूतून एखादा जनुक बारीक नळीने मेंदूतल्या नेमक्या जागी सोडतात. हवं ते प्रथिन मग तिथल्या पेशींनीच बनवायचं. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या रुग्णावर हा प्रयोग झाला तो ऑगस्ट 2003 मध्ये. आमच्या व्हॉट्सॲपवर मात्र हा शोध दर दोन-चार महिन्यांनी ‘नुकताच’ लागत असतो.

सेरेजीन या अमेरिकी कंपनीची हकिगत बघा. पेशींना जगवणारं न्यूरट्युरिन नावाचं प्रथिन मेंदूतच तयार व्हावं, अशी त्यांची योजना होती. पहिल्या चाचणीत 12 रुग्ण, सगळे आजार बळावलेले. सगळ्यांना खरं औषध दिलं आणि ते सगळ्यांना माहीतही होतं. वर्षभराने हालचालींचे गुण एक तृतीयांशाहून जास्त सुधारले. त्याच वेळी थांबले असते तर औषध ‘सापडलं’ म्हणून पेढे वाटून झाले असते. पण पुढची चाचणी 58 जणांवर झाली: 38 जणांना औषध, 20 जणांना नुसतं भोक. कुणाला काय मिळालं ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. 2010 मध्ये निकाल छापून आला. वर्षानंतर दोन्ही गट सुधारले होते आणि दोघांत म्हणावा असा फरक नव्हता.

औषधाशिवाय माणूस सुधारतो कसा, हा प्रश्न पार्किन्सन्सच्या घरात राहणाऱ्या बाईला पडत नाही. अमेरिकेहून भाचा येणार असला की आमचे हे सकाळपासून वेगळेच असतात. शर्टाची बटणं स्वतः लावतात. एरवी दहादा “काय म्हणालात?” विचारावं लागतं, त्या दिवशी आवाज दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत. भाचा म्हणतो, “मामी, तू फोनवर उगाच घाबरवतेस.” तो लिफ्टमध्ये शिरतो आणि अर्ध्या तासात यांना खुर्चीतून उठवायला मी आणि वॉचमन लागतो. डॉक्टरांकडेही तेच. अंगठ्यावर तर्जनी आपटून दाखवा म्हटलं की अशी टकटक वाजवतात की बघत राहावं! नाटक नव्हे ते. 2001 मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं, की औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेनेही पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटतं. मग इतकी मोठी शस्त्रक्रिया, परदेशातले नामांकित सर्जन, घरच्यांच्या डोळ्यांतली आशा, एवढं सगळं मिळाल्यावर गुण का नाही यायचा? ते 20 जण नसते तर निकामी उपचारासाठी किती मेंदूंत सुया गेल्या असत्या, याचा दिरांनी विचार करावा.

शिवाय चाचणी फसली म्हणून वाया गेली असंही नाही. नंतर दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या दोन रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा औषध जिथे सोडलं तिथे प्रथिन बनलं होतं, पण मरणाऱ्या पेशींच्या मुळापर्यंत जवळपास पोचलंच नव्हतं, असं दिसलं. म्हणून पुढच्या खेपेला मुळाशीही औषध सोडलं. तीही चाचणी फसली. पण काय चालत नाही हे पक्कं कळलं.

यांना विचारलं, तुम्ही गेला असता का अशा चाचणीत? म्हणाले, “गेलो असतो. फक्त भोक सरळ पाडा म्हणावं.” गणिताचे मास्तर, दुसरं काय बोलणार!

माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीची आहे. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या प्रयोगामागे न्यूरोलॉजिक्स नावाची कंपनी होती. तिची 45 जणांची चाचणी चक्क यशस्वी ठरली. औषधाच्या गटात सुमारे 23 टक्के सुधारणा, खोट्या गटात सुमारे 13. फरक मोठा नव्हे, पण होता. हे 2011 साली. 2012 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. मेंदूला विजेचे झटके देणाऱ्या डीबीएस उपचाराची तार नको झाली तर बंद करता येते, काढता येते. मेंदूत सोडलेला जनुक माघारी बोलावता येत नाही. रुग्ण तो जन्मभर बाळगणार, आणि कंपनीच्या दाराला कुलूप.

सध्या बायर समूहातली आस्कबायो कंपनी जीडीएनएफ या प्रथिनाच्या जनुकाची चाचणी घेते आहे, खोट्या शस्त्रक्रियेसकट. ती भारतात आली तर हरकत नाही. आपल्याकडे 2019 च्या नियमांत चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद लागते. हे सगळं झुगारून स्टेम सेलच्या नावाने लाखांची पावती फाडणारे मात्र आपल्याच शहरात बसलेत. अशा एका ठिकाणी मी “तुमच्या चाचणीत खोटा गट आहे का?” असं विचारलं, तर समोरचा गृहस्थ हसून म्हणाला, “मॅडम, आम्ही सगळ्यांना खरंच देतो.” कशावरून खरं, ते त्याला सांगता येईना. खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे फसणारे वाचतील.

माझी मागणी एवढीच, की मेंदूत जनुक सोडणाऱ्या प्रत्येक कंपनीने पहिला रुग्ण घेण्याआधी पुढच्या पंधरा वर्षांच्या तपासण्यांचे पैसे तिसऱ्याच कुणाकडे तरी ठेवावेत, कंपनी बुडाली तरी त्यांना हात लागणार नाही असे. आणि संमतीपत्रावर पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहावं: कंपनी बंद पडल्यावर फोन कुणाला करायचा.