भिंतीवर कुणाची वही?

वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनल बसवलं, सरांचा मोबाइल त्याला वायरीशिवाय जोडला, की शाळा 'डिजिटल' झाल्याचे फोटो गावभर फिरतात. फोटोत पॅनल असतं, पाहुणे असतात, फोडलेला नारळ असतो. मुलं पाठमोरी असतात. माझा आक्षेप तिथेच आहे.

आक्षेप तंत्राला नाही. २०१२ साली आलेल्या मिराकास्टला इंटरनेटही लागत नाही. फोन आणि पडदा वायफायवरून थेट जोडले जातात. तेव्हा 'आमच्याकडे रेंज नाही' ही सबब इथे चालत नाही. प्रश्न दिशेचा आहे. सरांच्या फोनवरचा व्हिडिओ भिंतीवर गेला, मुलांनी तो पाहिला. यात 'इंटरॅक्टिव्ह' काय झालं? फळ्यावर निदान सर अडखळायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. विचार कसा होतो ते दिसायचं. तयार व्हिडिओत तेही नाही.

आता दिशा उलटी करा. ५२ वजा २७. एका मुलानं ३५ लिहिलं, कारण त्यानं दोनातून सात जाईनात म्हणून सातातूनच दोन वजा केले. दुसरी मुलगी २७ वरून ३० वर गेली, तिथून ५२ वर: तीन आणि बावीस, पंचवीस. बाकांमधून फिरणाऱ्या बाईंनी दोन्ही वह्यांचे फोटो काढले, नावं झाकून भिंतीवर टाकले आणि विचारलं, "पस्तीस आले कुठून?" आता वर्ग बोलेल. त्यासाठी प्रत्येकाला टॅब नको, एक फोन पुरे.

चूक चारचौघांत दिसली तर मूल खट्टू होईल, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच आधी त्याला विचारायचं, आणि बरोबर उत्तरांनाही 'कसं आलं?' हाच प्रश्न करायचा. शिवाय तो फोन शाळेचा हवा. शिक्षकाचा खासगी फोन जोडला, तर बँकेचा ओटीपी आणि घरचा निरोपही पोरांसमोर झळकतो.

पॅनल किती इंची घ्यायचं, यावर शाळा समितीच्या बैठका रंगतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आठवड्यातून किती वेळा मुलाची वही त्यावर येणार? उत्तर मिळालं नाही, तर त्या पैशांची गोष्टीची पुस्तकं घ्या. ती निदान मुलांच्या हातात तरी पडतील.