हक्क घटनेत, चावी संसदेत

कोणत्याही निर्वाचित सभागृहात दोन-तृतीयांशांहून अधिक सदस्य एकाच लिंगाचे असू नयेत, असे केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेने निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु ते साधण्यासाठी कायदा करण्याचे काम संसदेवर सोपविले आणि तेथेच घोडे अडले. ज्या पुरुषांच्या जागा जावयाच्या, त्यांच्याच मतांवर कायदा अवलंबून! स्त्री-संघटनांनी न्यायालयाची दारे ठोठावली. विधेयके आली आणि गणसंख्येअभावी बारगळली. अखेर 2020 मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी संसद विसर्जित करण्याचा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. तोही अमलात आला नाही.

याउलट रवांडाच्या 2003 च्या घटनेने कनिष्ठ सभागृहाच्या 80 पैकी 24 जागा स्त्रियांसाठी राखल्या आणि त्या भरण्याची रीतही ठरवून दिली. 2008 मध्ये तेथे 45 स्त्रिया निवडून आल्या. एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या देशात संख्या म्हणजे सत्ता नव्हे, हा आक्षेप खराच. तथापि, संख्याच नसेल तर सत्तेचा प्रश्न उपस्थित तरी कोण करणार?

लाभार्थी वर्ग आपला लाभ स्वखुशीने सोडीत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. घटनाकारांनीही ते विसरता कामा नये.